घरी बसणे ज्यांना शक्य नव्हते : डायलिसिसचे रुग्ण आणि श्वसनसाथींचा इतिहास

१/
माझ्या मामांकडे खिशात मावेल अशी एक वही आहे. तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी : तारीख, डायलिसिसपूर्वीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब. मामा निफाड तालुक्यातले. दर सोमवारी आणि गुरुवारी एसटीने नाशिकला येऊन चार तास यंत्राला जोडून घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. वहीत दोन ओळी मात्र निराळ्या आहेत. २६ मार्च २०२० समोर ‘गाडी नाही’ एवढेच लिहिले आहे, आणि १३ एप्रिल २०२० समोर ‘सेंटर बंद’. वजनाचे रकाने रिकामे. आजचा धागा या रिकाम्या रकान्यांविषयी आहे.

२/
श्वसनमार्गाने पसरणारी विषाणूजन्य साथ मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे काय करते, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटतो. तो इतिहासाचाही आहे. अशा रुग्णाकडे साथ दोन वाटांनी येते. एक वाट फुप्फुसातून जाते आणि तिची नोंद होते. दुसरी वाट रस्त्यावरून जाते : गाडी बंद, केंद्र बंद, अहवाल आल्याशिवाय प्रवेश बंद. या दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस साथीच्या आकडेवारीत सहसा सापडत नाही. तो का सापडत नाही, हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागेल.

३/
जून १९१८. मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. महायुद्धाच्या जहाजांबरोबर आलेला हा इन्फ्लुएंझा आगगाडीच्या रुळांवरून देशभर पसरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने कहर केला. भारतातील मृत्यूंचा अंदाज सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास जातो. मुंबई इलाखा हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. या साथीत डायलिसिसचे रुग्ण किती दगावले? एकही नाही. कारण असा रुग्ण तेव्हा जगात अस्तित्वातच नव्हता.

४/
मूत्रपिंडाचा आजार अर्थातच होता. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले, म्हणून पुढे शंभरेक वर्षे तो ‘ब्राइटचा आजार’ याच नावाने ओळखला गेला. पण ओळख पटली म्हणून उपाय सापडला असे नव्हे. मूत्रपिंडे पूर्ण थकली की रक्तात युरिया, पोटॅशियम आणि पाणी साठत जाई व काही दिवसांत किंवा आठवड्यांत सारे संपे. महासाथीला या माणसाची वाट अडवण्याची गरज नव्हती. त्याला जाण्यासाठी वाटच नव्हती.

५/
ती वाट निर्माण झाली नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये. कांपेन गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळली. ही नळी सॉसेजचे आवरण म्हणून वापरली जाई. नळीतून रक्त, बाहेर क्षारांचे पाणी. रक्तातले विष पातळ पडद्यातून पाण्यात झिरपे. १९४३ मध्ये पहिला प्रयोग झाला. त्यानंतरच्या दोन वर्षांतले बहुतेक सारे रुग्ण वाचले नाहीत. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि घरी गेली. यंत्राने पहिला जीव राखला होता.

६/
तरीही कोल्फचे यंत्र तात्पुरत्या संकटासाठीच होते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि रक्तवाहिन्या मोजक्याच. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. १९६६ मध्ये फिस्टुला आला : मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडायची, म्हणजे शीर जाड होते आणि तीत पुन्हा पुन्हा सुई टोचता येते. ‘आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारा, आयुष्यभर येत राहणारा’ रुग्ण जन्मला तो इथे.

७/
आणि त्याच्याबरोबरच ‘जागा कोणाला?’ हा प्रश्नही जन्मला. सिएटलमध्ये १९६२ साली यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. म्हणून सात सामान्य नागरिकांची समिती नेमली गेली. वय, कुटुंब, नोकरी, समाजातील उपयोग असे पाहून ती रुग्णांची निवड करी. ‘लाइफ’ मासिकाने त्याच वर्षी ही हकिकत छापली आणि अमेरिकेत वादळ उठले. पुढे १९७२ च्या कायद्याने तिथल्या बहुतेक रुग्णांचा खर्च सरकारने उचलला. हा प्रसंग ध्यानात ठेवावा. २०२० मध्ये तो वेगळ्या वेषात परत येणार आहे.

८/
आपल्याकडे डायलिसिस आले १९६० च्या दशकात, मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. पण जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या शेतकऱ्याला किंवा कामगाराला आयुष्यभर डायलिसिस परवडणे ही गोष्ट त्यानंतर चाळीस वर्षे दुर्मीळच राहिली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना, तसेच २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम, यांनी चित्र पालटले. माझ्या मामांसारखा माणूस एसटीचे तिकीट काढून नाशिकला डायलिसिसला येतो, हे दृश्य इतके अलीकडचे आहे.

९/
म्हणूनच महासाथींची यादी या नजरेने पुन्हा वाचावी. १९१८ : असा रुग्णच नाही. १९५७ चा आशियाई फ्लू मे महिन्यात मद्रास बंदरातून देशात शिरला, तेव्हा यंत्र होते ते तात्पुरत्या उपचारापुरते, तेही परदेशी. १९६८ चा हाँगकाँग फ्लू आला तेव्हा श्रीमंत देशांत थोडे रुग्ण होते. २००९ मध्ये स्वाईन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या. मूत्रपिंडाचे जुने रुग्ण तेव्हा जोखमीच्या यादीत होते, पण रस्ते चालू होते. डायलिसिसवर जगणारा मोठा समूह आणि थांबलेली वाहतूक, या दोन गोष्टी भारतात प्रथम समोरासमोर आल्या त्या २०२० मध्ये.

१०/
आता थोडे शरीराविषयी. निरोगी मूत्रपिंडे अहोरात्र काम करतात; यंत्र ते काम आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासांत उरकते. आपल्याकडे खर्चामुळे आणि अंतरामुळे अनेकांना दोनच खेपा जमतात. उरलेल्या वेळी विषारी द्रव्ये रक्तात राहतात आणि रोगप्रतिकारक पेशींना मंद करतात. लशीलाही शरीर जोमाने प्रतिसाद देत नाही. म्हणूनच या रुग्णांना हिपॅटायटिस बी ची लस दुप्पट मात्रेने द्यावी लागते. बहुतेकांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाची जोड असते. संसर्ग होऊनही कधीकधी ताप फारसा चढत नाही, त्यामुळे दारावरचा तापमापक फसतो. साध्या मोसमी फ्लूनेही अमेरिकेत दरवर्षी हजाराहून अधिक डायलिसिस रुग्ण दगावतात, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे.

११/
त्यात केंद्राची खोली. पलंगाला लागून पलंग, बंद खिडक्या, चालू वातानुकूलन, चार तासांचा सहवास, आणि एक पाळी उठली की दुसरी बसते. परिचारिका आणि तंत्रज्ञ तेच. बाहेरच्या बाकावर नातेवाईक डबा घेऊन बसलेले. एका सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. ते यंत्र, ती वीज, ते पाणी सहसा घरी नेता येत नाही. ‘अंतर राखा, घरीच थांबा’ हा साथीचा पहिला नियम. आणि नेमका तोच नियम पाळणे ज्याला परवडत नाही असा हा मनुष्य.

१२/
मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्राने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबईच्या प्लेगसाठी इंग्रज सरकारने घाईने केलेला हा जेमतेम चार कलमांचा कायदा. प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे काढणे, माणसांची हालचाल रोखणे यांवर त्याचा सारा भर. ज्याचे जगणेच हालचालीवर अवलंबून आहे असा रुग्ण १८९७ मध्ये नव्हता, म्हणून तो कायद्याच्या कल्पनेतही नव्हता. २३ मार्चला राज्यात संचारबंदी आली, एसटी थांबली. २५ पासून देशभर टाळेबंदी. २९ मार्चला लासलगाव परिसरात नाशिक जिल्ह्यातील पहिला रुग्ण आढळला. रुग्णसेवेला सूट होती, पण ती कागदावरची. रस्त्यावर ती दर नाक्याला नव्याने सिद्ध करावी लागे.

१३/
२६ मार्चची खेप हुकल्यावर मामेभावाने मोटारसायकल काढली. पहिल्याच नाकाबंदीला त्यांना अडवले. फाईल दाखवली, कागद हातात घ्यायला शिपाई तयार होईना, संसर्गाची भीती. तेव्हा मामांनी शर्टाची बाही वर केली. फिस्टुलाचा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल : दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरा आणि आतून सतत येणारी थरथर. मामा म्हणाले, “साहेब, लांबूनच बघा. हा माझा पास.” शिपायाने क्षणभर पाहिले आणि काठी बाजूला केली. पुढे महिनाभर तोच हात त्यांचा परवाना होता.

१४/
१३ एप्रिलची गोष्ट अवघड. केंद्रातील एक कर्मचारी बाधित निघाला आणि निर्जंतुकीकरणासाठी केंद्र बंद झाले. दुसरीकडे जागा मिळाली ती १६ तारखेला, म्हणजे पूर्ण सात दिवसांनी. त्या दिवशीच्या नोंदीत वजन नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक वाढलेले दिसते. हे सारे पाणी. मामी सांगतात की शेवटच्या दोन रात्री ते भिंतीला टेकून बसूनच होते. आडवे झाले की दम लागे. त्यातच शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आपुलकीचा सल्ला : काढा घ्या, गरम पाणी पीत राहा. ज्याला दिवसाला लिटरभर पाणीही मोजून प्यायचे असते, त्याच्यासाठी ही आपुलकीसुद्धा जोखमीचीच होती.

१५/
दम लागणे. या एका लक्षणापाशी २०२० ची खरी कोंडी आहे. डायलिसिस चुकले की पाणी फुप्फुसात उतरते : दम लागतो, खोकला येतो, क्ष-किरण चित्रात पांढुरक्या छाया दिसतात. कोविडच्या न्यूमोनियातही दम, खोकला, छाया. त्यामुळे खेप चुकलेला रुग्ण दारात आला की तो संशयित ठरे. अनेक ठिकाणी चाचणीचा अहवाल आल्याशिवाय यंत्राला जोडत नसत, आणि सुरुवातीच्या काळात अहवालाला दिवस लागत. अहवालाची वाट पाहताना पाणी आणखी चढे, दम वाढे, संशय बळावे. केंद्रांची भीतीही खोटी नव्हती; एका बाधित रुग्णामुळे साऱ्या पाळ्या बंद पडू शकत होत्या. पण पोटॅशियम अहवालासाठी थांबत नाही. ते वाढत जाते आणि हृदय थांबवते.

१६/
ही एका घरची कहाणी नव्हे, हे दाखवणारा पुरावा आहे. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांविषयी देशातील १९ मोठ्या सरकारी व खासगी रुग्णालयांची माहिती किडनीतज्ज्ञांनी एकत्र केली. तिथे नियमित डायलिसिस घेणारे २,५१७ रुग्ण होते. त्यांपैकी ७१० जणांची, म्हणजे २८.२ टक्क्यांची, एक वा अधिक सत्रे चुकली. ६९ जणांना तातडीने डायलिसिस करावे लागले. ९ मृत्यू निश्चित कळले. आणि १०४ जणांनी नियमित येणे थांबवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या शेवटच्या आकड्यापाशी थांबावे. मृत्यू नऊ, पण ‘येणे थांबले’ एकशे चार. ते कुठे गेले? काही गावाकडच्या केंद्रात गेले असतील. उरलेल्यांचे काय?

१७/
आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव हे त्याचे मोठ्या पटावरचे उदाहरण. एप्रिल २०२० मध्ये शहरात कोविडचा उद्रेक झाला आणि त्याच महिन्यात खासगी दवाखाने मोठ्या प्रमाणावर बंद राहिले. कब्रस्तानातील दफनांची संख्या आधीच्या वर्षाच्या तुलनेत खूप वाढली. कोविडचे म्हणून नोंदलेले मृत्यू तिच्या मानाने थोडे होते. न तपासलेले कोविड रुग्ण त्यात असणारच. पण मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे जुने दुखणे असलेल्यांना दार उघडे मिळाले नाही, हेही तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

१८/
पहिली वाटही कमी भीषण नव्हती. बाधित डायलिसिस रुग्णांपैकी दर चार-पाच जणांत एक अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावला, असे युरोपातील पहिल्या लाटेच्या नोंदी सांगतात. बाधित रुग्णाला दुप्पट अडचण : कोविड रुग्णालयात डायलिसिस यंत्र नाही आणि डायलिसिस केंद्रात कोविडला प्रवेश नाही. सिएटलचा ‘जागा कोणाला?’ हा प्रश्न असा परतला. फरक एवढाच की आता समिती नव्हती, फक्त फोन होते. मुंबईत महापालिका, किडनीतज्ज्ञ आणि केंद्रे यांनी एकत्र येऊन बाधितांसाठी ठराविक केंद्रे राखली आणि कुठे जागा रिकामी आहे ते संगणकावर कळेल अशी सोय केली. मे २०२० मध्ये राज्याने फुले योजना सर्व नागरिकांना खुली केली. हे उपाय गुंतागुंतीचे नव्हते. ते पहिल्या दिवशी नव्हते, एवढेच.

१९/
१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील व्याधिग्रस्तांचे लसीकरण सुरू झाले. त्या व्याधींच्या यादीत डायलिसिसवरील मूत्रपिंडविकार होता. पण लस पुरती पोचण्याआधीच दुसरी लाट आली. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि बावीसहून अधिक रुग्णांनी प्राण सोडले. यंत्रावर, नळीवर आणि तिच्यामागच्या अखंड पुरवठ्यावर जगणे म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळले. डायलिसिसचा रुग्ण हे रोजच जाणून असतो.

२०/
आता नोंदींचा प्रश्न. कोविडच्या रुग्णाला आधीपासून मूत्रपिंडविकार असला तरी मृत्यूचे मूळ कारण कोविडच लिहावे, अशी सूचना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्येच दिली होती. २०२१ मध्ये न्यायालयीन रेट्यानंतर नियम ठरला : चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा मानावा, वारसांना ५० हजार रुपये मिळावेत. दोन्ही निर्णय रास्त. पण यांत चाचणी हेच प्रवेशद्वार आहे. ज्याला विषाणू शिवलाच नाही, ज्याची फक्त गाडी चुकली, त्याच्या दाखल्यावर ‘मूत्रपिंड निकामी’ एवढेच लिहिले जाते. ते खोटे नाही. मात्र त्यावरून तो एप्रिल २०२० मध्येच का गेला, हे उद्याच्या संशोधकाला कळणार नाही.

२१/
म्हणून मित्रहो, अभ्यासाला बसताना मृत्यूच्या नोंदवहीइतकीच हजेरीची नोंदवही महत्त्वाची माना. १९१८ चा अभ्यास करणारे आजही जनगणनेतील तूट मोजून मृतांचा अंदाज बांधतात; जे नाहीत त्यांच्यावरून जे घडले ते ओळखतात. २०२० साठी तशी साधने अजून आपल्या हाताशी आहेत : केंद्रांची पाळीपत्रके, योजनेची देयके, घरोघरच्या फाइली, अशा खिशातल्या वह्या. रद्दीत जाण्याआधी त्या जपायला हव्यात. तुमच्या घरी अशी वही असेल तर तिची छायाचित्रे काढून ठेवा, आणि जे सांगू शकतात त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करून ठेवा.

२२/
आणि हे केवळ गतकाळासाठी नव्हे. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, बस वळवलेल्या, लाखोंची दाटी आणि पावसाळ्यातला सर्दी-खोकला. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी. यात्रा आणि रोगराई यांचे नाते प्रशासनाला जुन्या पटकीच्या साथींपासून ठाऊक आहे. त्यासाठी आराखडेही होतात. सोमवार-गुरुवारच्या पाळीला येणारा रुग्ण पर्वणीच्या दिवशी कोणत्या रस्त्याने येणार, त्याला फ्लूची लस आधी मिळाली आहे का, त्याचे केंद्र बंद पडले तर पर्यायी केंद्र कोणते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यात असावीत. २०२० ने शिकवलेले इतकेच, आणि इतके पुरेही आहे.

२३/
मामा आजही येतात. वही तिसरी चालू आहे. परवा मी विचारले, “मामा, एप्रिलमधली ती ओळ मोकळी का ठेवलीत? वजन नसले तरी त्या दिवशी काय झाले ते लिहायचे होते.” ते म्हणाले, “अरे, त्या दिवशी लिहायला काही नव्हतं. पण ओळ सोडली नाही. शेजारच्या पलंगावरचे पाटील तेव्हापासून आले नाहीत. त्यांच्या वहीत पुढे ओळच नसेल.”

धागा समाप्त. पाटलांचे काय झाले, हे आमच्यापैकी कोणालाही अजून ठाऊक नाही.